निगेटिव्हवर भलतंच येतंय: रेंजफाइंडर आणि एसएलआरमधल्या फ्रेमच्या घोळाचा माग

फिल्मकडे नव्याने वळलेल्यांच्या तक्रारींत ही एक ठरलेली असते. एसएलआरवाला, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याचा मालक, म्हणतो, "विजेचा खांब मी मुद्दाम कडेबाहेर ठेवला होता, तो निगेटिव्हवर आलाच कसा?" रेंजफाइंडरवाला, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघणारा, म्हणतो, "माणूस चौकटीत भरून घेतला होता, फोटोत तो लहान झालाय आणि आजूबाजूला ही एवढी जागा." दुसऱ्या रेंजफाइंडरवाल्याचं नेमकं उलटं, "जवळून काढलं की डोकं कापलं जातं." तिघांचाही पुढचा प्रश्न एकच: कॅमेरा दुरुस्तीला टाकू का?

बहुतेक वेळा गरज नसते. व्ह्यूफाइंडरमधली, म्हणजे बघायच्या खिडकीतली, चौकट ही कंपनीने जाणूनबुजून केलेली तडजोड असते. ती कोणत्या अंतरासाठी आखली आहे आणि कडेचा किती भाग लपवते, एवढं कळलं की बऱ्याच तक्रारी जागच्या जागी मिटतात. खऱ्या बिघाडाच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या घरी तपासता येतात.

आधी निगेटिव्ह हातात घ्या

लॅबने पाठवलेली जेपीजी किंवा प्रिंट बघून कॅमेऱ्याला दोष देऊ नका. निगेटिव्हची पट्टी मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर धरा. लूप, म्हणजे निगेटिव्ह बघायचं भिंग, नसेल तर ५० मिमीची लेन्स भिंगासारखी वापरा. फ्रेमच्या चारही कडांना कोरी पट्टी दिसते, तिथपर्यंत जे आलं ते कॅमेऱ्याने टिपलं. त्याच्या आत जे कमी झालं ते पुढच्या कोणीतरी कापलं.

हे पुढचे लोक बरेच असतात. मिनिलॅबचं मशीन कागदाच्या कडेला पांढरी चीर राहू नये म्हणून प्रतिमा कागदापेक्षा थोडी मोठी टाकतं, त्यात चारही बाजू जरा जरा जातात. लॅबचा स्कॅनर बहुधा फ्रेमच्या आतूनच कापून घेतो. फ्लॅटबेड स्कॅनरचा प्लॅस्टिकचा होल्डर आणि एन्लार्जरचा (डार्करूममध्ये निगेटिव्ह मोठी करून कागदावर टाकणारं यंत्र) निगेटिव्ह कॅरियर हेही कडा झाकतात. म्हणून तर जुने डार्करूमवाले कॅरियर कानसीने घासून मोठा करायचे. त्यांच्या प्रिंटभोवतीची काळी किनार तिथूनच येते.

कागदाच्या मापाचा हिशेबही इथेच उरकून घेऊ. ३५ मिमी फिल्मची फ्रेम २४×३६ मिमी, म्हणजे २ ला ३. ४×६ किंवा ८×१२ इंचाचा कागद त्याच प्रमाणात आहे. ५×७ साठी मात्र लांबीतले २.४ मिमी जातात, आणि ८×१० साठी ३६ पैकी तब्बल ६ मिमी. लग्नातल्या ग्रुप फोटोत कडेचे काका अर्धे झाले असतील आणि प्रिंट ८×१० ची असेल, तर कॅमेऱ्याची चौकशी तिथेच बंद करा. लॅबला कडेच्या कोऱ्या पट्टीसकट फुल फ्रेम स्कॅन मागा. काही देतात, काही कटकट करतात. घरी डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सने स्कॅन करत असाल तर हा प्रश्नच उरत नाही.

निगेटिव्हवरही तक्रार तशीच असेल तरच पुढे वाचा.

एसएलआर: जास्त आलं तर सोडून द्या, कमी आलं तर शोधा

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, म्हणजे दिसतं तेच येणार, असा समज असतो. दिशेच्या बाबतीत तो खरा आहे, कडांच्या बाबतीत नाही. आरसा लेन्समधली प्रतिमा वरच्या फोकसिंग स्क्रीनवर टाकतो आणि आपण प्रिझममधून ती स्क्रीन बघतो. स्क्रीनची चौकट फिल्मगेटपेक्षा, म्हणजे फिल्मसमोरच्या चौकोनी खिडकीपेक्षा, बहुधा लहान ठेवलेली असते.

किती लहान? निकॉन एफएम२ मध्ये ९३ टक्के, एफएम१० मध्ये ९२, मिनोल्टा एक्स-७०० मध्ये ९५, ऑलिंपस ओएम-१ मध्ये ९७. निकॉनची १९५९ ची एफ आणि तिच्यानंतरच्या एफ२, एफ३ पूर्ण १०० टक्के दाखवतात, आणि कॅननची ईओएस-१व्हीही. दुसऱ्या टोकाला सोव्हिएत झेनिट-ई. तिच्या व्ह्यूफाइंडरमध्ये २४×३६ पैकी जेमतेम २०×२८ मिमीचा भाग दिसतो. झेनिट वापरणाऱ्याने "फोटोत जास्तीचं येतं" अशी तक्रार केली तर त्याला हे आकडे दाखवावेत आणि चहा पाजावा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ९३ टक्के हे लांबी आणि रुंदीचं प्रमाण आहे, क्षेत्रफळाचं नाही. लांबीत ९३ आणि उंचीत ९३ म्हणजे क्षेत्रफळात साधारण ८६.५ टक्के. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ३६ पैकी ३३.५ दिसतात आणि डावी-उजवीकडे सव्वा-सव्वा मिमी लपलेले असतात. वर-खाली सुमारे ०.८ मिमी. सव्वा मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण १२ इंच लांबीच्या प्रिंटवर तो एका बाजूला जवळजवळ ११ मिमी होतो. विजेचा खांब त्यात आरामात मावतो.

असं का ठेवलं? स्वस्तात बनवायचं म्हणून, हे एक उत्तर आहेच. मोठी स्क्रीन म्हणजे मोठा आरसा, मोठं प्रिझम, जास्त वजन. १०० टक्के दाखवायचं तर प्रत्येक कॅमेऱ्याची स्क्रीन, आरसा आणि फिल्मगेट एकमेकांशी काटेकोर जुळवावे लागतात. नाहीतर स्क्रीनवर दिसलेलं फिल्मवर येणारच नाही, आणि गिऱ्हाईक ते कधी माफ करत नाही. दुसरं कारण स्लाइडचं. स्लाइडच्या कार्डाची खिडकी साधारण २३×३५ मिमीची, म्हणजे प्रोजेक्टरवर कडा झाकल्याच जायच्या. प्रिंटमध्येही त्या जायच्याच. त्या काळात ९३ टक्के हा शहाणपणाचा आकडा होता. आज पूर्ण निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्यालाच तो खुपतो.

यातून एसएलआरसाठी सोपी कसोटी निघते. दिसलं त्यापेक्षा निगेटिव्हवर जास्त आलं आणि ते चारही बाजूंना साधारण सारखं असेल, तर कॅमेरा ठणठणीत आहे. स्क्रीनवर दिसलेलं निगेटिव्हवर आलंच नाही, किंवा एका बाजूला खूप जास्त आणि समोरच्या बाजूला काहीच जास्त नाही, तर काहीतरी सरकलंय.

काय सरकलं असेल? पहिला संशय फोकसिंग स्क्रीनवर. आधीच्या मालकाने ती साफ करायला किंवा बदलायला काढली आणि परत बसवताना एक कोपरा खाचेत गेला नाही, हे वापरलेल्या कॅमेऱ्यांत वरचेवर दिसतं. लेन्स काढून माउंटमधून, म्हणजे लेन्स बसते त्या गोल तोंडातून, वर बघा. स्क्रीन चारही बाजूंनी सपाट बसलेली दिसली पाहिजे. तिला बोट लावू नका, कापड लावू नका, अल्कोहोल तर मुळीच नको. प्लॅस्टिकवर पडलेला ओरखडा मग जन्मभर दिसत राहतो. रबरी फुंकणी पुरे.

दुसरा संशय आरशावर. खाली आल्यावर आरसा एका छोट्या खुंटीवर टेकतो आणि त्याचा ४५ अंशांचा कोन ती खुंटी ठरवते. कॅमेरा पडला असेल किंवा कोणी आरसा बोटाने दाबला असेल, तर तो कोन बिघडतो. मग प्रतिमा स्क्रीनवर वर किंवा खाली सरकते आणि त्याचबरोबर फोकसही चुकतो. ही जोडखूण महत्त्वाची आहे. दूरची इमारत स्क्रीनवर स्पष्ट दिसत असताना लेन्सचं कडं अनंताच्या (∞) खुणेवर नसेल आणि फ्रेमही वर-खाली सरकत असेल, तर आरसा किंवा स्क्रीन तपासायलाच हवी. मात्र ही खूण कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्सने बघा. अॅडाप्टर लावलेल्या लेन्सवर अनंताची खूण बहुधा भरवशाची नसते.

आपल्या हवेत तिसरा गुन्हेगार म्हणजे फोम. आरसा वर जाऊन ज्या पट्टीवर आपटतो तिचा फोम ओलाव्याने काळा चिकट डांबर होतो. आरसा त्याला चिकटतो आणि उशिरा किंवा अर्धवट परत येतो. पावसाळा संपल्यावर जुना कॅमेरा कपाटातून काढलात तर आधी लेन्स काढून दोन-चार वेळा रिकामं शटर दाबा आणि आरसा झटकन जागेवर येतो का ते बघा.

शेवटी डोळा. चश्मा लावून बघणाऱ्याला पुष्कळ एसएलआरमध्ये चारही कोपरे एकदम दिसत नाहीत. नकळत तो एका बाजूला डोळा सरकवतो आणि दुसऱ्या बाजूला काय शिरलंय हे त्याला कळतच नाही. निकॉनने एफ३ साठी एचपी नावाचं वेगळं प्रिझम काढलं ते याचसाठी. त्यात डोळा २५ मिमी लांब ठेवला तरी पूर्ण फ्रेम दिसते. असा कॅमेरा नसेल तर आयपीसला बसणारी नंबरची काच शोधा, किंवा शटर दाबण्याआधी चारही कोपरे एकेक करून बघायची सवय लावा.

रेंजफाइंडर: तीन वेगळे घोळ

रेंजफाइंडरची गोष्ट मुळातच वेगळी आहे. इथे डोळा एका खिडकीतून बघतो आणि लेन्स दुसऱ्या जागेवरून. तक्रारी ऐकताना लोक तीन गोष्टींची खिचडी करतात: पॅरलॅक्स, लेन्सच्या दृश्यकोनाचं आकुंचन, आणि चुकीची फ्रेमलाइन, म्हणजे खिडकीत दिसणारी चमकत्या रेषांची चौकट. त्या सुट्या केल्याशिवाय निदान होत नाही.

पॅरलॅक्स सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धाच. लायकासारख्या कॅमेऱ्यात आपण बघतो ती खिडकी आपल्या बाजूने पाहता लेन्सच्या डावीकडे आणि वर असते. लेन्स खाली आणि उजवीकडे आहे, म्हणून ती जे टिपते तेही तेवढंच खाली आणि उजवीकडे सरकलेलं असतं. ही सरक समोरच्या वस्तूवर मोजली तर अंतर कितीही असो, सारखीच राहते. खिडकी लेन्सपेक्षा ४ सेंमी वर असेल तर १ मीटरवरही ४ सेंमीच चुकतात आणि ५ मीटरवरही ४ सेंमीच. फरक फ्रेमच्या मापात आहे. ५० मिमी लेन्सची आडवी फ्रेम १ मीटरवर सुमारे ४३ सेंमी उंच असते, त्यातले ४ सेंमी म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा, डोकं कापायला पुरेसा. ५ मीटरवर तीच फ्रेम २.३५ मीटर उंच, तिथे ४ सेंमी कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

चांगल्या कॅमेऱ्यांत फोकसचं कडं फिरवलं की चमकत्या रेषा आपोआप खाली-उजवीकडे सरकतात. लायका एम मालिकेत, कॅनन ७ मध्ये, यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये, कॅननेट क्यूएल१७ जीआयआयआयमध्ये ही सोय आहे. बिघाड तपासायचा असेल तर व्ह्यूफाइंडरमधून बघत फोकस अनंतापासून सर्वांत जवळच्या अंतरापर्यंत फिरवा. रेषा सरळ, न अडखळता तिरक्या उतरल्या पाहिजेत. त्या हलतच नसतील, मध्येच अडकत असतील किंवा परत वर येत नसतील, तर तो खरा बिघाड. आत ग्रीस सुकलेलं असतं किंवा एखादी तरफ निसटलेली असते.

झोर्की ४, फेड २, किएव्ह ४ यांच्यात मुळात रेषाच नाहीत, अख्खी खिडकी हीच फ्रेम. डोळा जरा इकडेतिकडे झाला की कडा बदलतात आणि पॅरलॅक्स भरून काढायलाही काही नाही. तिथे एकच उपाय. फ्रेम ठरवा, मग कॅमेरा न तिरका करता सरळ वर आणि थोडा डावीकडे सरकवा, खिडकी आणि लेन्स यांच्यात जेवढं अंतर असेल तेवढाच. मामियाने आपल्या दोन लेन्सच्या सी मालिकेसाठी पॅरामेंडर नावाचं ट्रायपॉडवर बसणारं उपकरण विकलं, ते नेमकं हेच काम करतं. बघायच्या लेन्सच्या जागी टिपायची लेन्स उचलून आणतं.

एक मर्यादा मात्र कोणत्याच सरकत्या रेषेने सुटत नाही. रेषा फक्त फोकस केलेल्या अंतरापुरती दुरुस्त होतात. समोर तुळशी वृंदावन आणि मागे देवळाचा कळस नेमका त्याच्या माथ्यावर बसवलात, तर ती जुळणी खिडकीतून दिसलेली आहे, लेन्सला ती तशी दिसत नाही. कळस बाजूला सरकलेला येणार. जवळची आणि लांबची वस्तू एका ओळीत आणायची असेल तर एसएलआर घ्या. रेंजफाइंडरला यात दोष देण्यात अर्थ नाही.

आता दुसरा घोळ, आणि "आजूबाजूला एवढी जागा कशी" या तक्रारीचं खरं मूळ हेच आहे. लेन्स जवळ फोकस करताना फिल्मपासून पुढे सरकते. पुढे सरकली की तिचा दृश्यकोन अरुंद होतो. ५० मिमी लेन्स ०.७ मीटरवर सुमारे ४.२ मिमी पुढे येते आणि तिची फ्रेम अनंताच्या मानाने जवळजवळ ८ टक्क्यांनी आकसते. ३५ मिमीची त्याच अंतरावर ५ टक्क्यांच्या आसपास, ९० मिमीची १ मीटरवर सुमारे १० टक्के. चमकत्या रेषा सरकतात खऱ्या, पण त्यांचं माप बदलत नाही. कोनिका आयआयआय-ए सारखे थोडे कॅमेरे फ्रेम लहान-मोठीही करतात, बाकीचे नाही.

म्हणजे कंपनीला एक अंतर निवडावं लागतं. लायका एम६ च्या माहितीपुस्तिकेत ते उघड लिहिलेलं आहे: फ्रेमलाइन प्रत्येक लेन्सच्या सर्वांत जवळच्या अंतरावर सुमारे २३×३५ मिमी, म्हणजे स्लाइडच्या खिडकीएवढं क्षेत्र दाखवतात, आणि लांबच्या अंतरावर कॅमेरा त्याहून थोडं जास्त टिपतो. "थोडं" हा कंपनीचा शब्द. हिशेब केला तर ५० मिमी लेन्सने अनंतावर लांबीत सुमारे ११ टक्के आणि उंचीत १३ टक्के जास्त येतं, क्षेत्रफळात जवळजवळ सव्वापट. याला मी तरी थोडं म्हणणार नाही.

कंपनीची बाजूही समजते. कमी आलेलं परत आणता येत नाही, जास्तीचं कापता येतं. १९५४ च्या एम३ च्या काळात ५० मिमी लेन्सचं जवळचं अंतर साधारण १ मीटर होतं, म्हणून तिच्या रेषा त्या अंतराला आखलेल्या आणि किंचित मोठ्या. पुढे ०.७ मीटरवर फोकस होणाऱ्या लेन्स रूढ झाल्या आणि रेषा आवळल्या गेल्या. "जुन्या एम३ ची फ्रेम जास्त खरी" असं म्हातारे लायकावाले म्हणतात त्यात नुसता गेल्या दिवसांचा मोह नाही. पुढे डिजिटल एम८ च्या रेषा ०.७ मीटरच्या होत्या आणि २००८ च्या एम८.२ मध्ये कंपनीनेच त्या २ मीटरला आखल्या.

या आकड्यांत एक दिलासा आहे. एम६ वर ५० मिमीने १ मीटरवर लांबीत सुमारे ५.५ टक्के जास्त येतं, २ मीटरवर ८.५, आणि तिथून थेट अनंतापर्यंत ११. बरीचशी वाढ पहिल्या दोन मीटरांतच होऊन जाते. म्हणजे रस्त्यावर, बाजारात, वारीत २ मीटरच्या पुढे फोटो काढणाऱ्याला एकच सवय पुरते: रेषेची आतली कड विसरा, बाहेरची कड हीच फ्रेम धरा, आणि खूप लांबच्या दृश्याला त्यापलीकडे आणखी एका रेषेच्या जाडीएवढं मोजा. हा अंदाजे नियम आहे, खालच्या चाचणीने तो आपल्या कॅमेऱ्यापुरता पक्का करून घ्या.

तिसरा घोळ सर्वांत बावळट आणि म्हणून सर्वांत उशिरा सापडणारा. लायका एमची लेन्स लावली की तिच्या माउंटची किनार कॅमेऱ्यातली तरफ ढकलते आणि त्यानुसार फ्रेमलाइन येते. जुनी स्क्रू माउंटची लेन्स अॅडाप्टर रिंग लावून वापरलीत, तर फ्रेम लेन्स नाही, रिंग ठरवते. एम६ वर या रिंगा ५०/७५, ३५/१३५ आणि २८/९० अशा तीन जातींच्या असतात. ५० मिमीच्या ज्युपिटर-८ ला २८/९० ची रिंग लावली की ५० ची रेषा दिसणारच नाही, आणि बघणारा ९० च्या चौकटीत फोटो बसवत राहील. फोयक्टलेंडर बेसा आर मध्ये तर फ्रेम हाताने बदलायची असते. खटका ७५ वर राहिला आणि लेन्स ३५ ची, असं सहज होतं. दोन फ्रेम अर्धवट एकदम दिसत असतील तर लेन्स शेवटपर्यंत फिरून लॉक झाली आहे का तेही बघा.

याला जोडून एक बारीकशी गोष्ट. लेन्सवर कोरलेला आकडा गोळाबेरीज असतो. लायकाच्या कित्येक ५० मिमी लेन्स प्रत्यक्षात ५१.६ मिमीच्या आहेत, ज्युपिटर-८ तर ५२ च्याही पुढे. रेषेला हे कसं कळणार?

घरची चाचणी

यासाठी रोल खर्च करायची गरज नाही. ट्रायपॉड, केबल रिलीज (शटर लांबून दाबायची तार), मेजर टेप, टेबललॅम्प आणि ट्रेसिंग पेपरचा तुकडा हवा. स्वयंपाकघराची किंवा जिन्यातली टाइल्स लावलेली भिंत म्हणजे आयता आलेखाचा कागद. नसेल तर कोऱ्या भिंतीवर मधोमध एक खूण करून चारही दिशांना दर ५ सेंमीला कागदी चिकटपट्टीचे आकडे लावा. डावी-उजवी, वर-खाली अशी अक्षरंही लिहा, पुढे ती लागणार आहेत.

भिंतीच्या मधोमध एक ओळंबा सोडा. दोरा आणि खाली जड नट, बस्स. फ्रेम तिरकी येते का हे त्याच्याइतकं खात्रीने दुसरं काही सांगत नाही.

कॅमेऱ्यात फिल्म नको. कॅमेरा भिंतीला काटकोनात, आधी १ मीटरवर ठेवा. फोकस नीट करा. व्ह्यूफाइंडरमधून बघून चारही कडांना कोणते आकडे येतात ते वहीत लिहा. रेंजफाइंडरमध्ये रेषेची आतली आणि बाहेरची, दोन्ही कडांचे आकडे लिहा. मग मागचं झाकण उघडा, शटर बी वर (दाबून धरलं तोवर उघडं राहतं त्या खुणेवर) ठेवा, लेन्स पूर्ण उघडा आणि केबल रिलीजने शटर उघडं धरा. एसएलआरचा आरसा आपोआप वर राहतो. लायका एममध्ये तळाची प्लेट काढून मागची पट्टी वर उचलली की फिल्मगेट मोकळं होतं.

ट्रेसिंग पेपरचा तुकडा कापताना फिल्मगेटच्या खाली-वर ज्या दोन-दोन पट्ट्या असतात त्या नीट बघा. फिल्म आतल्या जोडीवर टेकते, बाहेरची जोडी जरा उंच असते आणि तिच्यावर प्रेशर प्लेट, म्हणजे झाकणाची फिल्म सपाट ठेवणारी पट्टी, टेकते. कागद आतल्या जोडीवरच सपाट बसला पाहिजे, नाहीतर जे दिसेल ते फिल्मच्या जागचं नसेल. आणि शटरच्या पडद्याला बोट लागू देऊ नका. कापडी पडद्याचा रेंजफाइंडर असेल तर लेन्स उघडी ठेवून तो उन्हात सूर्याकडे करून ठेवू नका. मध्ये आरसा नसल्यामुळे सूर्याची प्रतिमा थेट पडद्यावर पडते आणि त्याला भोक पाडते.

भिंतीवर दिवा टाका, डोक्यावर काळं कापड घ्या. कागदावर भिंत उलटी दिसेल, वरची बाजू खाली आणि डावी उजवीकडे. अक्षरं लिहायला सांगितली ती याचसाठी. गेटच्या चारही कडांना कोणते आकडे आले ते लिहा. व्ह्यूफाइंडरमध्ये ६० सेंमी रुंदी दिसली आणि गेटवर ६५ आली, तर ६० भागिले ६५, म्हणजे ९२ टक्के. मधल्या खुणेपासून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या की फ्रेम मध्यात आहे का तेही कळतं. ओळंब्याचा दोरा व्ह्यूफाइंडरच्या उभ्या कडेला समांतर होता आणि गेटच्या कडेला नाही, तर फ्रेम तिरकी आहे. दोन्हीकडे समांतर असूनही फोटोत क्षितिज कललेलं येत असेल, तर कॅमेरा धरणारा हात कललेला आहे. अशांनी एसएलआरला जाळीची स्क्रीन मिळते का बघावं. एफएम२ ची ई२ आणि ओएम-१ ची १-१० अशा स्क्रीन वापरलेल्या बाजारात सापडतात.

एसएलआरला एक अंतर पुरतं. रेंजफाइंडरला हेच २ मीटरवर आणि मग जमेल तेवढ्या लांब करा, प्रत्येक लेन्सने वेगळं. आकडे एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. पडताळा हवा असेल तर चालू रोलच्या शेवटी उरलेल्या एक-दोन फ्रेम याच भिंतीवर खर्च करा.

दुरुस्तीला कधी न्यायचं

रेषा न सरकणं, एसएलआरच्या स्क्रीनवर दिसलेलं फिल्मवर न येणं, फ्रेम उघडपणे एका बाजूला झुकणं, फोकस आणि फ्रेम एकदमच चुकणं, ओळंबा तिरका येणं, एवढीच कारणं. ९३ टक्क्यांचे १०० करून द्या म्हणून कोणाला सांगू नका. स्क्रीनची चौकट मुळातच लहान आहे, ती कोणी वाढवू शकत नाही. एम६ च्या रेषा एम३ सारख्या करण्याचा नादही सोडून द्या.

जुने यांत्रिक कॅमेरे हाताळणारे कारागीर आता थोडे उरलेत. मुंबईत बोरा बाजारात चौकशी केली तर कोण काय करतं ते कळतं. त्यांच्याकडे जाताना "फ्रेम चुकते" एवढंच सांगू नका. त्यावर कारागीर सगळंच उघडून बघणार, आणि जुन्या कॅमेऱ्याचं विनाकारण उघडणं टाळावं हे बरं. भिंतीचे आकडे लिहिलेली चिठ्ठी, निगेटिव्हची पट्टी आणि ज्या लेन्सने चाचणी केली ती लेन्स, तिन्ही बरोबर द्या. अॅडाप्टर रिंग वापरत असाल तर तीही. रेंजफाइंडरमध्ये मधल्या ठिपक्याची जुळणी, म्हणजे फोकस, आणि फ्रेमलाइन या दोन वेगळ्या जुळण्या आहेत. एक बरोबर असेल तर तिला हात लावू नका, असं स्पष्ट सांगा. आरसा किंवा स्क्रीन हलवली असेल तर कॅमेरा परत घेताना दूरच्या इमारतीवर अनंताचा फोकस तिथल्या तिथे तपासा, आणि घरी आल्यावर तीच भिंत, तेच १ मीटर, तोच ट्रेसिंग पेपर.